मेणवलीची घंटा आणि एक हट्टी बिशप

सिस्टरांनी आधी चपला काढल्या आणि मग मला विचारलं, "इथे काढतात ना हो, मॅडम?"

२६ जानेवारीचं झेंडावंदन उरकून, मुलांना जिलेबी वाटून आम्ही दोघी पाचगणीहून खाली उतरलो होतो. पसरणीचा घाट, वाई, तिथून रिक्षाने मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा बघायचाय हे आपलं सांगायचं कारण. सिस्टरांना बघायची होती ती घंटा. घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी ती टांगलेली आहे. वाईत जन्म काढलेल्या मला तिचं कौतुक ते काय असणार? शाळेच्या सहली इथे, कोजागरीची भेळ इथे, आणि आता तर सिनेमावाल्यांनी घाटाची पायरीन् पायरी गुळगुळीत करून ठेवली आहे.

घंटेवर एक बाई आहे, मूल घेतलेली. साल आहे १७०७. लहानपणी आम्ही तिला 'घंटेतली देवी' म्हणायचो. आजी घाटावर आली की पुडीत उरलेलं कुंकू तिला लावून टाकायची. देवी आहे, पोर कडेवर आहे, म्हणजे सवाशीणच असणार, असा तिचा सरळ हिशेब.

सिस्टर चष्मा वर करून अगदी जवळ गेल्या. बाळाच्या पायाशी, झग्याच्या चुणीत, जुनं कुंकू काळं पडून बसलं होतं. त्यांनी ते नखाने जरासं खरवडून बोटावर घेतलं, उजेडात धरलं आणि एकदम हसायलाच लागल्या. "आमच्या आईला कुंकू लावलंय हो तुम्ही!"

मी ओशाळले. त्या मात्र खुशीत होत्या. त्या मूळच्या वसईच्या, घरात मराठीच, त्यामुळे स्टाफरूममध्ये आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या. एक भीमाशंकराला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक आमच्या मेणवलीत. वर्गात हे मी इतकी वर्षं मोठ्या तोऱ्यात सांगत आले. पण जिथून घंटा आणली तिथलं माणूस शेजारी उभं राहिल्यावर काय बोलावं ते सुचेना. शेवटी आपलं म्हटलं, "वाजवा ना."

त्यांनी लोलक हातात धरला, पण हलवला नाही. "आमच्याकडे अख्खी घंटा झुलवतात. तुम्ही नुसता लोलक हलवता. इतक्या वर्षांत तिला तुमचीच सवय झाली असेल."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. चर्चची घंटा वर चढवण्याआधी तिचा विधी असतो, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तो बिशपांनी करायचा. घंटा मंतरलेल्या पाण्याने धुवायची, मग तिला तेल लावायचं, बाहेरून सात जागी आणि आतून चार जागी. तिला नाव ठेवायचं. लोक त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणत. मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडची प्राणप्रतिष्ठा.

"तसंच काहीतरी. आता एवढं कोण करतंय? तो लफेव्र असता तर त्याने केलं असतं, शब्द न् शब्द."

"कोण लफेव्र?"

"होता एक हट्टी म्हातारा. बिशप होता. रोमशी भांडला."

परतीच्या एसटीत घाट चढेपर्यंत हाच विषय. रोमशी भांडणारा म्हटल्यावर मला वाटलं, सुधारक असणार. आपल्याकडे भांडणाची पात्रं ठरलेली: गादीवर सनातनी, दारात सुधारक. सिस्टर म्हणाल्या, इथे उलटं होतं. सुधारायला गादीच निघाली होती, आणि हा दारात आडवा पडला.

१९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, जगभरचे बिशप जमले. तोवर कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे चर्चमधली त्यांची मुख्य उपासना, वसईत काय आणि पॅरिसमध्ये काय, लॅटिनमध्येच चाले, आणि ती ज्या पोथीवरून चाले ती पाचव्या पायस पोपने १५७० मध्ये नेमून दिलेली. फादरांचं तोंड वेदीकडे, पाठ लोकांकडे. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही, आपला गुरवही देवाकडेच तोंड करून उभा असतो. परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा ठराव ४ डिसेंबर १९६३ला केला, बाजूने २,१४७ आणि विरोधात अवघे ४. त्यात लॅटिन राखावी असंही लिहिलेलं होतं, पण लोकांच्या भाषेला एकदा दार उघडून दिल्यावर लॅटिन कोण राखतंय? १९६९च्या अखेरीस नवी मिस्सा आली आणि बघता बघता जगभर ज्याच्या त्याच्या बोलीत सुरू झाली. वसईला मराठीत.

सिस्टरांचं लहानपण लॅटिनमधलं. मिस्सा सुरू करताना फादर वेदीच्या पायरीशी थांबून म्हणायचे, 'इन्त्रोइबो आद आल्तारे देइ.' मी देवाच्या वेदीपाशी जाईन. त्यावर सेवेला उभ्या राहिलेल्या मुलाने उत्तर द्यायचं, 'आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम.' माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवापाशी. मुलाने म्हणजे मुलानेच. वेदीपाशी मुलींना जागा नव्हती. सिस्टरांचा थोरला भाऊ सेवेला होता आणि रात्री कंदिलाशी बसून घोकायचा. 'लेतिफिकात'पाशी हमखास अडखळायचा. चुलीपाशी भाकरी उलटणारी ही त्याची आठ वर्षांची बहीण तिथूनच ओरडून सांगायची. रविवारी बाकावर बसून ती ओठांतल्या ओठांत सगळी उत्तरं देई. अर्थ कुणालाच येत नव्हता, भावालाही नाही.

"आणि मराठी आल्यावर?"

"मी तेव्हा कॉन्व्हेंटात होते. सुट्टीत घरी गेले. आई पंचेचाळीस वर्षांची असेल. जन्मभर रोज मिस्सेला जायची. त्या दिवशी पहिल्यांदा फादर काय म्हणतात ते तिला कळलं. घरी येताना म्हणाली, अगो, एवढंच होतं होय?"

मी हसले. मग विचारलं, खूश होऊन म्हणाली की हिरमुसून? सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या. पसरणीच्या शेवटच्या वळणावर धोमचं पाणी दिसतं, तिथे दर वेळी सगळी एसटी उजवीकडे बघते. "ते मला अजून नाही कळलं," त्या म्हणाल्या.

पुढे मी या माणसाच्या मागेच लागले. मार्सेल लफेव्र, जन्म २९ नोव्हेंबर १९०५, उत्तर फ्रान्समधलं तुर्क्वँ. आपल्या इचलकरंजीसारखं कापडाचं गाव, वडिलांची गिरणी. आठ भावंडं, त्यांतली पाच धर्मकार्याला गेली. आपल्याला कल्पना यायची तर एकाच घरातून पाच जण संन्यास घेऊन निघाले असं समजा. वडील दुसऱ्या महायुद्धात जर्मनांविरुद्धच्या गुप्त जाळ्यात काम करत होते. पकडले गेले आणि १९४४ मध्ये झोनेनबुर्गच्या नाझी तुरुंगात मेले. ही गोष्ट लक्षात राहू द्या, तिच्याकडे परत यायचं आहे.

मुलगा १९२९ मध्ये धर्मगुरू झाला आणि १९३२ मध्ये मिशनरी म्हणून गाबोनला गेला. लिब्रव्हिलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवायच्या शाळेत शिकवलं, मग जंगलातली एकेक ठाणी सांभाळली. त्यात लाम्बारेनेही होतं, श्वाइट्झर डॉक्टरांच्या इस्पितळाचं लाम्बारेने. आपल्या मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांच्या नावाने माणसं अजून हात जोडतात. तसंच ते गाव एका प्रॉटेस्टंट डॉक्टरच्या नावाने ओळखलं जाई. १९४७ मध्ये ते बिशप होऊन सेनेगलला डाकारला गेले, पुढच्याच वर्षी सगळ्या फ्रेंच आफ्रिकेसाठी पोपचे प्रतिनिधी नेमले गेले, १९५५ मध्ये डाकारचे पहिले आर्चबिशप. शाळा काढ, सेमिनरी उभार, निरनिराळ्या संघांना बोलावून आण, नवे धर्मप्रांत आख. माझ्या मनात 'सनातनी' म्हणून जे चित्र होतं, कर्मठ, आंबट चेहऱ्याचं, पोथीवर धूळ धरून बसलेलं, त्यात हा माणूस मावेना. हा तर आमच्या भागात वसतिगृहं उभारत खेडोपाडी हिंडणाऱ्या कर्मवीरांच्या जातीचा कामाचा माणूस.

१९४९ मध्ये त्यांनी एका सेनेगली तरुणाला धर्मगुरूची दीक्षा दिली. यासँत थियांदूम त्याचं नाव. १९६२ मध्ये लफेव्र फ्रान्सला परतले तेव्हा डाकारच्या गादीवर तोच बसला. पुढे गुरू रोमच्या विरोधात गेला तेव्हा हा शिष्य दोघांच्या मध्ये पडून समेटाची खटपट करत राहिला. १९७६ मध्ये थियांदूम कार्डिनल झाले, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान. त्याच वर्षी रोमने त्यांच्या गुरूला धर्मकार्य करायला बंदी केली. या शिष्याचं मला फार वाटतं. पण त्याच्यावर कोण लिहितंय? भांडणाऱ्यांवर लिहितात, मध्ये पडणाऱ्यांवर नाही.

परिषदेत लफेव्र विरोधी गटाचे म्होरके होते. १९६२ ते १९६८ ते आपल्या मिशनरी संघाचे प्रमुखही होते. संघच बदलायला लागला तेव्हा राजीनामा देऊन मोकळे झाले. वय बासष्ट. खरं तर गोष्ट इथे संपायची. निवृत्त बिशप, रोममध्ये एक खोली, सकाळची मिस्सा. पण काही तरुण शोधत आले: आम्हाला जुन्या पद्धतीने शिकवा. त्यातून १ नोव्हेंबर १९७० रोजी स्वित्झर्लंडमध्ये नवा संघ स्थापन झाला आणि एकोन नावाच्या डोंगराकडेच्या वाडीत सेमिनरी. तीही तिथल्या बिशपांची रीतसर परवानगी घेऊन. नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हीच तर त्यांची शिकवण.

पाच वर्षांनी परवानगी काढून घेतली गेली. २९ जून १९७६ला त्यांनी रोमची मनाई असताना दीक्षा दिल्या, २२ जुलैला बंदीचा हुकूम आला, २९ ऑगस्टला लील शहरात एका क्रीडागृहात हजारो लोकांपुढे त्यांनी जुनी मिस्सा केली आणि सप्टेंबरात सहावे पॉल पोप यांना भेटूनही आले. निष्पन्न काही नाही.

खरा पेच पुढे आला. बिशप फक्त बिशपच करू शकतो, डोक्यावर हात ठेवून. तो हात आधीच्याच्या डोक्यावर, त्याआधी त्याच्याही आधीच्याच्या, असा थेट येशूच्या शिष्यांपर्यंत जातो अशी श्रद्धा. लफेव्र म्हातारे झाले. आपण गेल्यावर या पोरांना दीक्षा कोण देणार? ५ मे १९८८ला रोमच्या वतीने आलेल्या कार्डिनल रात्झिंगर यांच्यासोबत त्यांनी समझोत्यावर सही केली. रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द मागे घेतला. त्या रात्री काय झालं असेल याचा विचार मी बऱ्याचदा करते. ३० जूनला एकोनला त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार जणांच्या डोक्यांवर हात ठेवले. ब्राझीलचे एक बिशप, कास्त्रो मायर, सोबतीला होते. सगळे धर्मबाह्य ठरले.

पोपची आज्ञा हा ज्याच्या परंपरेचा कणा, त्याने परंपरेसाठी पोपची आज्ञा मोडली.

हे वाचलं आणि मला आमची ओटी दिसली.

आजोबा ऋग्वेदी. ब्राह्मणशाही घाटाजवळच्या आमच्या घराच्या ओटीवर चार-पाच मुलं संथा घ्यायला बसत. 'अग्निमीळे पुरोहितं'पासून सुरुवात. 'अ'ला मान खाली, 'ग्नि'ला सरळ, 'मी'ला वर. मुलगा नवा असला की आजोबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून मान खाली-वर करवत. महिन्या-दोन महिन्यांत हात काढला तरी मान आपोआप हलायची. मी माजघरात तांदूळ निवडत असायची. मधला दरवाजा उघडा. मला कुणी या म्हटलं नाही आणि गप्प बस असंही कुणी म्हटलं नाही. त्या काळात ती सवलतच म्हणायची.

गावातल्या एका देवळात त्यांच्याकडे दर सोमवारी एकादशनी असायची, रुद्राची अकरा आवर्तनं. मी चौदा वर्षांची असेन तेव्हा तिथे नवे विश्वस्त आले. त्यांनी टेपरेकॉर्डर आणला, कर्णा लावला. म्हणाले, गुरुजी, रुद्र कॅसेटवर लावू, तुम्ही नुसता अभिषेक करा, अर्ध्या तासात मोकळे. दक्षिणा तीच. आजोबांनी विचारलं, "कॅसेटने आंघोळ केली का?" लोक हसले. आजोबा विनोद करत नव्हते. त्यांनी उपरणं उचललं आणि घरी आले ते पुन्हा त्या देवळाची पायरी चढले नाहीत.

हे वाचायला झकास वाटतं. आमच्या घरात ते झकास नव्हतं. जन्मभर त्यांनी आम्हाला हेच शिकवलेलं की देवस्थानच्या पंचांचा शब्द मोडू नये, वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये. बाबांना मुंबईची नोकरी त्यापायी सोडावी लागली होती. आणि स्वतःवर आल्यावर? सोमवारची दक्षिणा गेली, मागून श्राद्धपक्षाची आमंत्रणं आटली, कारण विश्वस्तांचं गावात वजन. पाचांपैकी तीन शिष्य देवळाच्या बाजूने गेले. आजोबा दर सोमवारी ओटीवर उरलेल्या दोघांना घेऊन पाटावरच्या बाणलिंगावर अकरा आवर्तनं करीत, एक अक्षर न गाळता. आजी गोधड्या शिवून द्यायला लागली. त्या सगळ्या वर्षांत ती त्यांना एकदाच बोलली, माझ्यादेखत. टाका घालताना मान वर न करता म्हणाली, "देव तिथे, तुम्ही इथे."

एकोनच्या म्हाताऱ्यालाही त्याची प्रेमाची माणसं हेच सांगत असतील. पोप तिथे, तुम्ही इथे.

मी काही लफेव्रांची भक्त नाही. मराठी शिकवून पोट भरलेली बाई लॅटिनच्या बाजूने कशी उभी राहील? गीतेचा अर्थ मराठीत आणून ज्ञानेश्वरांना सातशेहून अधिक वर्षं झाली. आणि ख्रिस्ताची गोष्ट ओवीबद्ध मराठीत सांगणारे फादर स्टीफन्स, त्यांचं पुराण छापलं गेलं १६१६ मध्ये, लॅटिनची सत्ता भरात असताना. एवढंच असतं तरी ठीक. लफेव्रांचा खरा राग नुसत्या भाषेवर नव्हता. ज्याला त्याला आपापला धर्म पाळायची मोकळीक असावी, हे परिषदेने मान्य केलं ते त्यांना कधीच पटलं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी असिसीला सगळ्या धर्मांची माणसं प्रार्थनेला बोलावली, तेव्हा त्यांचा तोल पार गेला. त्यानंतर दोनच वर्षांत ते चार हात पडले. १९९० मध्ये मुसलमानांविषयी बोलल्याबद्दल फ्रान्समधल्या कोर्टाने त्यांना दंड केला. आजोबांच्या रुद्राला ते काय म्हणाले असते हे मला पुरतं ठाऊक आहे. आजोबा त्यांना काय म्हणाले असते तेही. घंटेतल्या देवीला लावलेलं कुंकू दोघांनाही खपलं नसतं. त्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं असतं, बहुतेक त्याच एका.

आणि आमच्या ओटीवर कोण चढू शकत होतं आणि कोण नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. संथेची मुलं सगळी एकाच जातीची. हाच वेद, हीच वाई. पण प्राज्ञपाठशाळेत शास्त्र शिकलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी १९३३ मध्ये देवदास गांधी आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचं आंतरजातीय लग्न पुण्यात स्वतः लावलं. पाठ पक्का असला की माणूस हट्टीच होतो असं नाही. लफेव्रांच्याच चर्चमध्ये, ज्या पुणे धर्मप्रांतात आमचा सातारा जिल्हा येतो, तिथे २००९ ते २०२३ बिशप होते ते थॉमस डाबरे. वसईचेच. त्यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांवर. सिस्टर हे सांगताना मान अशी ताठ करायच्या की विचारू नका.

लफेव्र २५ मार्च १९९१ला गेले, धर्मबाह्य म्हणूनच. पुढची कथा विचित्र आहे. ज्या रात्झिंगरांसोबत सही करून त्यांनी ती मोडली, तेच रात्झिंगर सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले. २००७ मध्ये त्यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली, २००९ मध्ये त्या चार बिशपांवरचा बहिष्कार उठवला. त्याच सुमारास चौघांतल्या एकाची मुलाखत जगभर गाजली. नाझींनी विषारी वायूच्या कोठड्यांत ज्यू मारले हेच तो नाकारत होता. गुरूचा बाप नाझींच्या तुरुंगात मेलेला, आणि गुरूने ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो हे बोलतो! पुढे फ्रान्सिस पोपांनी २०२१ मध्ये जुन्या मिस्सेवर पुन्हा निर्बंध आणले.

लफेव्रांच्या थडग्यावर तीन-चारच शब्द आहेत, त्यांनीच सांगून ठेवलेले. 'त्रादिदि क्वोद एत आक्चेपि.' संत पॉलच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रातले. जे मला मिळालं तेच मी दिलं. हे वाचलं तेव्हा मात्र माझा सगळा वाद थोडा वेळ बाजूला राहिला. आजोबांनी थडगं असतं तर याहून वेगळं काही लिहवलं नसतं. 'त्रादिदि' या लॅटिन क्रियापदाला मजेदार दुसरा अर्थ आहे: सोपवणं, आणि धरून देणंही. परंपरा सांगणारा शब्द आणि विश्वासघात सांगणारा शब्द एकाच मुळाचे. शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला अशा गोष्टींनी झोप येत नाही.

पण माझं अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. दिलं, बरोबर. कुणाला? आजोबांनी पाच मुलांना दिलं. त्यांतला एक आज पुण्यात मिठाईचं दुकान चालवतो, एक अमेरिकेत आहे, दोन वारले, एक अजून भिक्षुकी करतो आणि मोबाईलवर बघून म्हणतो. सिस्टरांचा भाऊ बोटीवर नोकरीला लागला, लॅटिन विसरला, पुढे मिस्सेलाही जाईना. घंटा तर कुणी कुणाला दिलीच नाही, ती उचलून आणली. ज्यांना रीतसर दिलं त्यांच्याकडे काय उरलं आणि ज्यांनी माजघरातून, चुलीपाशून ऐकलं त्यांच्याकडे काय उरलं, हा हिशेब ना एकोनमध्ये झाला ना आमच्या ओटीवर.

सिस्टर निवृत्त होऊन पुण्याला, म्हाताऱ्या सिस्टरांसाठी असलेल्या घरात गेल्या. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत स्ट्रॉबेरीचा खोका घेऊन मी भेटायला गेले. व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल. मला ओळखलं असं त्यांनी दाखवलं, पण ओळखलं नव्हतं. "तुम्ही कुठल्या शाळेत होता?" असं तीनदा विचारलं. पाचगणी म्हटलं, मराठी म्हटलं, जिलेबी म्हटलं. मेणवलीची घंटा आठवते का विचारलं. "घंटा झाली का?" म्हणून त्या उठायलाच लागल्या. मी हात धरून बसवलं.

मग काय सुचलं कोण जाणे. आजूबाजूला कुणी नाही बघून मी हळूच म्हटलं, "इन्त्रोइबो आद आल्तारे देइ."

उच्चार नक्कीच चुकला असणार, मी तो कागदावरूनच शिकलेली. त्यांची मान वर आली. मुळीच न अडखळता, आठ वर्षांच्या पोरीच्या ठसक्यात त्या म्हणाल्या, "आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम." आणि 'लेतिफिकात'वर जरा जास्तच जोर, म्हणजे आत कंदिलाशी बसलेल्याला नीट ऐकू जावं.

मग माझ्याकडे बघून, "आता तुमचं."

"माझं काय?"

"तुमच्यात पण असेल ना काहीतरी. म्हणा."

आजोबा जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. ओटी पाडून तिथे चुलतभावाने गाळे काढले होते. तोंडाने मोठ्याने मी ते जन्मात कधी म्हटलेलं नव्हतं, ना माहेरी, ना सासरी. घसा खाकरला आणि पहिली ऋचा म्हटली. अग्निमीळे पुरोहितं यज्ञस्य देवमृत्विजम्. होतारं रत्नधातमम्.

सिस्टर लक्ष देऊन ऐकत होत्या. संपल्यावर स्ट्रॉबेरीचा देठ बशीत ठेवत त्यांनी विचारलं, "पण मान का हो हलवत होता?"

मला तर वाटत होतं, मी अगदी स्थिर बसले होते.